आपला संघ कुठला?

माझं आजोळ निपाणीचं. आम्ही गोव्याचे, त्यामुळे दिवाळीची सुट्टी लागली की फोंड्याहून बस पकडायची, अनमोडचा घाट चढायचा, लोंढा-खानापूर करत बेळगावला उतरायचं आणि तिथून निपाणीची दुसरी बस धरायची, हा आमचा ठरलेला प्रवास. तवंदीचा घाट उतरला की तंबाखूचा वास नाकात शिरायचा आणि आई म्हणायची, "आलं गं बाई माहेर!"

या सुट्टीत कधी कधी १ नोव्हेंबर यायचा. तो दिवस तिथे दोन तऱ्हांनी साजरा होतो, हे आम्हा गोव्याच्या मुलांना फार उशिरा कळलं. सरकारी कचेऱ्यांवर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागायचे आणि मामा मात्र दुकानाची फळी उघडायचे नाहीत. महाराष्ट्र एकीकरण समितीचा तो काळा दिन. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. फक्त चंदगड तालुका तेवढा वगळला गेला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. मामा त्या दिवशी दंडाला काळी फीत लावून बाहेर पडायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि चहाचा कप हातात घेऊन पहिला प्रश्न विचारायचे, "रणजी कधी सुरू हाय रं?"

रणजीचा मोसम आणि सीमाभागाचा हा जखमेचा दिवस हे असे पाठोपाठ येतात. मामा दोन्ही मनापासून पाळायचे. आणि इथेच माझ्या बालमनाला पडलेला प्रश्न आहे, ज्यावर हा लेख आहे. हा माणूस महाराष्ट्रात जाण्यासाठी आयुष्यभर मोर्चे काढतो, मग पेपरात कर्नाटकाचा स्कोअर इतक्या आवडीने का वाचतो? ह्याचा 'आपला' संघ नक्की कुठला?

उत्तर शोधायचं तर रणजीचा नकाशा आधी समजून घेतला पाहिजे. हा नकाशा मोठा मजेशीर आहे. राजकारणात संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. त्यासाठी माणसं हुतात्मा झाली. पण रणजीत संयुक्त महाराष्ट्र आजपर्यंत झालेला नाही! तिथे मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा आणि उरलेला तो 'महाराष्ट्र'. म्हणजे पुणे, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक वगैरे. गुजरातचंही तसंच, तिथे गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन संघ. क्रिकेटच्या संघटना संस्थानं आणि इलाख्यांच्या काळात उभ्या राहिल्या आणि राज्यांच्या सीमा बदलल्या तरी त्या आपापल्या जागी बसून राहिल्या. म्हणजे निपाणीच्या मराठी माणसाने 'आपला महाराष्ट्र' असं म्हटलं, तरी पुढचा प्रश्न उरतोच, कुठला महाराष्ट्र?

नकाशावर बघाल तर निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर. मध्ये कोगनोळी आणि कागल यांच्या दरम्यान दूधगंगेचा पूल. पुलाच्या त्या बाजूचा पोरगा चांगली बॅट फिरवायला लागला तर त्याची वाट पुण्याला जाते. ह्या बाजूच्या पोराची वाट कर्नाटक संघटनेच्या धारवाड विभागातून बंगळूरला जाते, म्हणजे पाच-साडेपाचशे किलोमीटर. चंदगडचा पोरगा महाराष्ट्राचा, बेळगावचा कर्नाटकाचा. दोघांची शेतं एकाच पावसावर पिकतात, दोघांचे आजे एकाच बाजाराला जात होते, पण निवड समित्या दोन!

आता थोडा जुना इतिहास. रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४-३५ च्या मोसमात. तिचा अगदी पहिला सामना मद्रास आणि म्हैसूर यांच्यात ४ नोव्हेंबर १९३४ ला चेपॉकवर सुरू झाला आणि त्याच दिवशी संपलासुद्धा. म्हैसूर डावाने हरलं. त्याउलट महाराष्ट्राचे ते वैभवाचे दिवस होते. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन मोसम महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी त्यातल्या पहिल्या मोसमात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या होत्या. त्यानंतर महाराष्ट्राला हा करंडक पुन्हा मिळालेला नाही. मामा हे वाक्य एखाद्या घराण्याच्या गेलेल्या जमिनीबद्दल बोलावं तसं बोलायचे.

पण मामांचा खरा देव होता भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचा माणूस. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. आणि तिथे प्रतिस्पर्धी कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायलाच नकार दिला! सामना सोडून दिला. कमल भांडारकरांबरोबरची ४५५ धावांची त्यांची भागीदारी पुढे कित्येक वर्षं विक्रम म्हणून उभी राहिली. निंबाळकरांना मात्र कसोटी सामना एकही मिळाला नाही. २०१२ साली ते कोल्हापुरात वारले. सीमाभागातल्या माणसाला निंबाळकर इतके का भावतात, हे मला फार पुढे उमगलं. नऊ धावांवर आलेलं हाती लागू नये आणि दोष आपला नसावा, हे दुःख त्या मुलुखाला चांगलं ओळखीचं आहे.

ते कसं, ते सांगतो. सीमाप्रश्न सोडवायला १९६६ मध्ये केंद्राने न्या. मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात आयोगाने बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवायला सांगितलं, पण निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस केली. त्या बदल्यात जत, अक्कलकोटसह २४७ गावं पलीकडे जाणार होती. महाराष्ट्राने बेळगावशिवायचा हा तोडगा नाकारला, म्हैसूरला तो मान्य होता, आणि शेवटी तो अंमलात आलाच नाही. म्हणजे निपाणीकरांच्या बाबतीत गंमत बघा, कागदावर एकदा महाराष्ट्रात गेलेलं गाव प्रत्यक्षात जागचं हललं नाही. बेळगाववाल्यांना सोडून आपण एकटं कसं जायचं, असं म्हणणारे निपाणीत होते, आणि मिळतंय ते घ्यावं, असं म्हणणारेही होते. मामा पहिल्या पक्षातले. पुढे २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. मामा त्या दाव्याला 'पाचव्या दिवसाची मॅच' म्हणायचे.

असो. रणजीकडे येऊ. सीमाभागातल्या प्रेक्षकाला त्या काळी एक मोठी सोय होती, ती म्हणजे विभाग. महाराष्ट्र आणि मुंबई पश्चिम विभागात बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांच्याशी खेळायचे. म्हैसूर, म्हणजे पुढचं कर्नाटक, दक्षिण विभागात मद्रास, हैदराबाद, आंध्र, केरळ यांच्याशी. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात मोसमाच्या सुरुवातीला ह्या दोन संघांची गाठच पडत नसे. मामा सकाळी कोल्हापूरचा पेपर वाचायचे, दुपारपर्यंत बेळगावचा 'तरुण भारत' हाती यायचा, आणि एका जुन्या वहीत डाव्या पानावर महाराष्ट्र-मुंबई आणि उजव्या पानावर कर्नाटक असे निकाल उतरायचे. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी महत्त्वाची, म्हणून ती लाल शाईत. दोन्हीकडे लाल शाई दिसली की स्वारी खूश. घरात कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपलंच हाईत की दोन्हीकडं!"

अडचण यायची ती बाद फेरीत.

त्यातली पहिली मोठी अडचण आली १९७४ मध्ये. मी तेव्हा ते समजण्याच्या वयाचा नव्हतो, पण मामांकडून ती कथा इतक्यांदा ऐकली आहे की आता ती मीच पाहिल्यासारखी वाटते. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं. समितीच्या लोकांना हे नाव म्हणजे जखमेवर मीठ. आणि नेमक्या त्याच मोसमात, नवं नाव घेऊन उतरलेला कर्नाटकाचा संघ उपांत्य फेरीत मुंबईसमोर आला. मुंबई म्हणजे तेव्हा काय होती? १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं करंडक मुंबईचा! म्हैसूरलाच तिने १९४१-४२ आणि १९५९-६० अशा दोन अंतिम सामन्यांत हरवलं होतं. संघात वाडेकर, गावसकर. समोर प्रसन्ना, चंद्रशेखर, विश्वनाथ, ब्रिजेश पटेल.

बंगळूरला सामना झाला. विश्वनाथच्या १६२, पटेलच्या १०६, कर्नाटकाच्या ३८५. मग प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला. वाडेकर जमले होते, ते धावबाद झाले. मुंबई ३०७. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक अंतिम फेरीत गेलं आणि जयपूरला राजस्थानला हरवून पहिल्यांदा रणजी विजेतं झालं. पंधरा वर्षांची मुंबईची सद्दी संपली.

निपाणीत त्या दिवशी काय वाटलं असेल? मामा सांगायचे, रेडिओभोवती दहाबारा जण होते, सगळे समितीचे. मुंबई हरली तेव्हा कुणी बोललं नाही. मग एक जण हळूच म्हणाला, "विश्वनाथ काय खेळला पण!" आणि सगळ्यांची जीभ मोकळी झाली. मग अर्धा तास विश्वनाथच्या स्क्वेअर कटवर चर्चा. राज्याचं नाव ज्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, त्या मंडळींना त्या राज्याच्या बॅट्समनचा कट मात्र कौतुकाचा वाटला. याला कुणी विसंगती म्हणेल. मामांना तसं कधी वाटलं नाही. "राज्य सरकारनं केलंय, कट त्यानं मारलाय," एवढंच म्हणायचे.

आणि पुढे काय झालं? त्याच विश्वनाथची गावसकरच्या बहिणीशी, कविताशी, सोयरीक झाली! मुंबईचा कप्तान आणि कर्नाटकाचा कप्तान मेहुणे-मेहुणे. सीमाभागात ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिथे हे रोजचंच. ह्या गावची लेक त्या गावात, घरात सासू कानडी बोलणारी, सून मराठी बोलणारी, आणि मुलं दोन्हीत भांडणारी. दावा कोर्टात चालू असतो आणि लग्नाच्या पंगती मांडवात.

माझ्या स्वतःच्या आठवणीतला पहिला मोसम १९८१-८२ चा. पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा बंगळूर, पुन्हा मुंबई-कर्नाटक. चेंडू हातभर वळत होता आणि रघुराम भट नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज मुंबईला नाचवत होता. तेव्हा गावसकर चक्क डावखुरा उभा राहून खेळला! वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो, डावखुऱ्याला आत येतो, हा त्यातला हिशोब. कुणी म्हणालं हा खेळपट्टीचा निषेध, कुणी म्हणालं ही अक्कलहुशारी. शाळेत आम्ही पोरं आठवडाभर डाव्या हाताने खेळत होतो. पुढच्याच मोसमात, १९८२-८३ ला, वानखेडेवर मुंबईच्या ५३४ धावांना कर्नाटकाने ५५१ चं उत्तर दिलं आणि मुंबईच्या घरातून करंडक नेला. मामांच्या वहीत त्या वर्षी दोन्ही पानांवर काही लिहिलेलं नव्हतं. मधल्या शिवणीवर फक्त '५५१' असा आकडा होता.

आता तुम्ही विचाराल, तू गोव्याचा, तुझं काय? आमची कथा आणखी वेगळी. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाही असं ठरवलं. घरातले मराठीप्रेमी हळहळले, शेजारी नाचले. क्रिकेटपुरतं म्हणाल तर आमचा दिलीप सरदेसाई मडगावात जन्मला आणि खेळला मुंबईकडून, तेव्हा आमचा संघ मुंबई, विषय संपला. मग १९८५-८६ मध्ये गोव्याचा स्वतःचा संघ रणजीत उतरला आणि मंडळाने त्याला घातलं कुठे? दक्षिण विभागात, कर्नाटक-केरळच्या पंगतीत! मामा पोट धरून हसले. "कौल घेतलासा, मोर्चं काढलासा, आणि शेवटी आमच्याच डब्यात बसलासा!"

सीमेवरचा माणूस संघ कसा निवडतो, याचं सर्वात सुंदर उदाहरण मला राहुल द्रविडचं वाटतं. घरची भाषा मराठी, जन्म इंदूरचा, वाढला बंगळुरात. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याने रणजीत पदार्पण केलं ते कर्नाटकाकडून, आणि समोर कोण? महाराष्ट्र! मैदान पुण्याचं! पोराने ८२ धावा केल्या. तेव्हा त्याला कोण ओळखत होतं? पण पुढे तो मोठा झाल्यावर मामांनी जुनी वही काढून ते पान मला दाखवलं होतं. उजव्या पानावर कर्नाटकाच्या यादीत 'द्रविड' असं नाव आणि त्यापुढे कंसात बारीक अक्षरात 'आपला?' असं प्रश्नचिन्हासकट. नुसत्या आडनावावरून त्यांनी हा शेरा मारला होता की नंतर लिहिला, हे मी विचारलं नाही.

२००२-०३ पासून विभागांची जुनी पद्धत गेली. एलिट आणि प्लेट असे गट आले. म्हणजे मोसमाच्या सुरुवातीलाच कुणाची कुणाशीही गाठ पडू लागली. मामांच्या डाव्या-उजव्या पानांची सोय मोडली. त्यानंतरचे सामने मात्र एकापेक्षा एक झाले. जानेवारी २०१० चा म्हैसूरचा अंतिम सामना घ्या. कर्नाटकाला जिंकायला ३३८ हव्या होत्या, मनीष पांडेने १४४ केल्या, आणि कर्नाटक ३३१ वर संपलं. मुंबई अवघ्या सहा धावांनी विजयी. मामांनी फोनवर सांगितलं, "जिंकलो बी आणि हरलो बी. जेवण जात नाही."

पण खरी परीक्षा २०१४ ची. जन्मभर जे टळलं होतं ते त्या वर्षी समोर आलं. रणजीचा अंतिम सामना, कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र! मुंबई नव्हे, विदर्भ नव्हे, 'महाराष्ट्र' नाव असलेला संघ.

महाराष्ट्र त्या मोसमात खालच्या क गटातून आलेला. केदार जाधवच्या बॅटीने त्या मोसमात १२२३ धावा केल्या. उपांत्यपूर्व फेरीत वानखेडेवर ह्या पोरांनी मुंबईला मुंबईत हरवलं. केदार नाबाद १२० आणि विजय झोल नाबाद ९१. मग इंदूरला बंगालला दहा विकेटनी. १९९२-९३ मध्ये पंजाबकडून हरल्यावर एकवीस वर्षांनी महाराष्ट्र अंतिम फेरीत आला होता. आणि १९४०-४१ नंतरचा करंडक फक्त एक सामना दूर होता.

हैदराबादला सामना सुरू झाला. महाराष्ट्र ३०५. कर्नाटकाने ५१५ केल्या, त्यात के. एल. राहुलच्या १३१, गणेश सतीशच्या ११७. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ३६६ पर्यंत झुंज दिली, पण राहिलं किती? १५७. विनय कुमारच्या संघाने ते तीन विकेट गमावून पार केले. २ फेब्रुवारी २०१४ ला कर्नाटक सात विकेटनी जिंकलं.

त्या रात्री मी मामांना फोन केला. मला वाटलं होतं ते म्हणतील, दोन्ही आपलेच. तसं ते म्हणाले नाहीत. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळ, खरं सांगू? ह्या येळेला महाराष्ट्र पाहिजे होता."

मला त्या क्षणी काहीतरी लख्ख कळलं. 'आपलंच हाईत की दोन्हीकडं' हे खोटं नव्हतं, पण ते सुखाच्या दिवसांचं उत्तर होतं. दोघांवर माया असली तरी ओढ एकीकडेच असते, आणि ती ओढ लपवण्याची गरज नाही. अनेक लोक, विशेषतः सीमेपासून लांब राहणारे, फार भोळेपणाने म्हणतात की खेळाने वाद मिटतात. मामांचा वाद विश्वनाथच्या कटने मिटला नव्हता, तो कधी मिटणारही नव्हता. आणि वाद होता म्हणून कट वाईटही ठरला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात पन्नास वर्षं नांदल्या, एवढंच खरं.

ह्याच वर्षी, १ नोव्हेंबर २०१४ ला, बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. मामांनी पत्रावर 'बेळगाव' लिहिणं सोडलं नाही.

यापुढची गोष्ट २०१८ च्या मोसमाची. त्या वर्षीचा कर्नाटकाचा कार्यक्रम जणू कुणी निपाणीत बसून आखला होता. पहिला सामना नागपूरला विदर्भाशी. हा विदर्भ म्हणजे आदल्या मोसमात कोलकात्याच्या उपांत्य फेरीत कर्नाटकाला पाच धावांनी हरवून पुढे विजेता झालेला संघ. दुसरा सामना मुंबईशी. तिसरा म्हैसूरला महाराष्ट्राशी. महाराष्ट्र राज्यातले तिन्ही संघ एकामागोमाग एक, पहिल्या तीन सामन्यांत! आणि मुंबईचा सामना कुठे? बेळगावला! ऑटोनगरच्या कर्नाटक संघटनेच्या मैदानावर, २० नोव्हेंबरपासून.

मामेभावाने वृद्ध मामांना एक दिवस गाडीत घालून तिथे नेलं. रणजीला तिकीट लागत नाही, सावलीची जागा तेवढी लवकर गेलं तर मिळते. त्या सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावात ४०० केल्या, के. व्ही. सिद्धार्थच्या १६१. मुंबईच्या शिवम दुबेने ५३ धावांत ७ विकेट काढल्या. मग मुंबईचा डाव कोसळवला कुणी? रोनित मोरेने. पाच विकेट. हा रोनित मोरे जन्माने बेळगावचा. आडनाव मोरे, गाव बेळगाव, टोपी कर्नाटकाची, समोर मुंबई. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावाची भलीमोठी आघाडी कर्नाटकाला मिळाली. पुढच्या सामन्यात त्यांनी म्हैसूरला महाराष्ट्राला सात विकेटनी हरवलं.

मी मामांना विचारलं, "मोरेने मुंबईची विकेट काढली तेव्हा टाळी वाजवलीत?"

"वाजवली की. गावचं पोरगं हाय."

"आणि दुबेने सात काढल्या त्याला?"

"त्येलाबी वाजवली. चेंडू बघून वाजवतोय मी, झेंडा बघून न्हवं." मग थोडं थांबून म्हणाले, "पर एक सांगतो. त्या मोरेला कुणी इचारलं का, तुला कुठून खेळायचंय म्हणून? पुलाच्या ह्या अंगाला जल्मला, तिथून खेळला. आमालाबी कुणी इचारलं न्हाई."

'आम्हाला कुणी विचारलं नाही', सीमाप्रश्नाच्या शेकडो पानांचं सार मला या वाक्यात सापडलं. खेळाडूला निदान आज ना-हरकत पत्र घेऊन दुसरीकडे जाता येतं. अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून २०२२ मध्ये आमच्या गोव्याकडून खेळायला आला आणि पर्वरीला पदार्पणातच शतक करून गेला. कर्नाटकाचा करुण नायर विदर्भात गेला आणि मार्च २०२५ मध्ये संपलेल्या अंतिम सामन्यात त्याच्या शतकासह विदर्भाने करंडक जिंकला. गावाला मात्र असं पत्र मिळत नाही.

मध्यंतरी बेळगावच्या नावाचा एक संघ होताही. २००९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीग सुरू झाली, तिच्यात 'बेळगावी पँथर्स'. २०१७ ला ते विजेते झाले, २०१९ मध्ये निकाल निश्चितीच्या प्रकरणात ती लीगच बदनाम झाली. २०२२ पासून तिथे महाराजा ट्रॉफी आली, तिच्या सहा संघांत बेळगाव नाही. पलीकडे २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तिच्यात 'कोल्हापूर टस्कर्स', आणि पहिल्या मोसमात कप्तान आपला केदार जाधव. निपाणीची नवी पोरं आता मोबाइलवर ह्या टस्कर्सचे सामने बघतात. बसने गेलं तर तासाभराचं अंतर!

मामा आता नाहीत. त्यांच्या वह्या मामेभावाकडे आहेत. गेल्या दिवाळीत आम्ही त्या काढून बसलो होतो. बाहेर त्याची मुलगी, सातवीतली, शाळेत मराठी आणि कानडी दोन्ही शिकणारी, गल्लीत पोरांबरोबर प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळत होती. दोन संघ पाडायचे होते. मी सहज कान दिला. एका पोराने विचारलं, "तू कुठल्या टीममध्ये?"

तिने आधी विचारलं, "बॅटिंग पहिली कुणाची हाय?"

मामेभाऊ हसला आणि म्हणाला, "बघ, आजोबांची नात!"